कॅमेऱ्याचा फोकस : यंत्राने लावावा की हाताने?

कोणत्याही घरात नवे यंत्र आले म्हणजे त्या घरात दोन पक्ष पडावयाचे, हे ठरलेलेच. मिक्सर आला तेव्हा पाट्या-वरवंट्याचा पक्ष उभा राहिला. गणकयंत्र आले तेव्हा पाढ्यांचा पक्ष उभा राहिला. कॅमेऱ्याच्या बाबतीतही हेच चालले आहे. धाकटी मंडळी म्हणतात की, ऑटोफोकस असताना भिंगाचे कडे बोटांनी फिरवीत बसणे म्हणजे आगगाडी असताना पायी पंढरपूर गाठण्यासारखे आहे. ज्यांनी फिल्मच्या काळात कॅमेरा हाताळला अशी वडील मंडळी त्यावर म्हणतात की, पायी जाण्यात जे पुण्य आहे ते आगगाडीत कोठून येणार? आम्हांस ह्या वादात कोणत्याही पक्षाचे वकीलपत्र घ्यावयाचे नाही. परंतु हा वाद ज्या मुद्द्यावर चालतो, तो मुद्दाच मुळी अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणापायी घराघरांतील पुष्कळ छायाचित्रे कायमची बिघडतात, असे आमचे मत असल्यामुळे चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

प्रथम फोकस लावणे म्हणजे काय, हे पाहू. बाह्य पदार्थापासून निघालेले किरण भिंगातून जाऊन मागे एका ठिकाणी एकत्र येतात. ते नेमके सेन्सरवर, किंवा जुन्या कॅमेऱ्यात फिल्मवर, एकत्र आले तर चित्र रेखीव उमटते. त्याच्या पुढे किंवा मागे आले तर पसरट व धूसर उमटते. पदार्थ जितका जवळ, तितके भिंग पुढे सरकवावे लागते. शाळेत शिकविलेले भिंगाचे सूत्र वापरून कोणाही विद्यार्थ्यास हा हिशेब करता येईल. ५० मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग घ्या. दूरच्या डोंगरासाठी ते सेन्सरपासून ५० मिलिमीटरवर हवे. दोन मीटरवर बसलेल्या माणसासाठी ५१.२८ मिलिमीटरवर हवे. एक मीटरवरील माणसासाठी ५२.६३ मिलिमीटरवर. म्हणजे डोंगरापासून दोन मीटरवरील माणसापर्यंतचा सगळा प्रवास अवघ्या सव्वा मिलिमीटरात आटोपतो. दोन मीटरवरील माणूस दहा सेंटिमीटर मागे सरकला तर भिंगास मिलिमीटरच्या सुमारे सोळाव्या हिश्शाइतके हलावे लागते. हाताने फोकस लावणाऱ्यांच्या बोटांस किती सूक्ष्म काम करावे लागत असे, आणि आज ते काम यंत्र निमिषात करते ह्याचे कौतुक का वाटावे, हे ह्या आकड्यांवरून ध्यानी येईल.

फोकसचा त्रास चुकविण्याची धडपड काही आजची नव्हे. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन ह्यांनी कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा बाजारात आणिला, त्यात फोकस लावण्याची सोयच ठेविलेली नव्हती. छिद्र लहान, भिंग एकाच जागी पक्के; काही फुटांपलीकडचे सर्व काही बऱ्यापैकी स्पष्ट यावे, अशी ती योजना होती. १९०० साली एका डॉलरास मिळू लागलेला ब्राउनी कॅमेरा त्याच जातीचा. पुढे १९२५ साली जर्मनीत लायका निघाला. त्यात अंतर अदमासाने धरून कड्यावरील आकड्यावर लावावे लागे. १९३२ च्या लायकात अंतरमापक भिंगास जोडला गेला, आणि दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस लागला, अशी सोय झाली. मापन स्वतः करून भिंग स्वतःच हलविणारा, मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९७७ सालचा जपानी कोनिका सी-३५ एएफ. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने ही विद्या भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात रुळविली, आणि १९८७ पासून कॅननच्या ईओएस मालिकेने प्रत्येक भिंगातच मोटर बसवून तिला वेग दिला. येणेप्रमाणे शंभर वर्षांत मनुष्याने हे काम एकेक पायरीने आपल्या अंगावरून उतरवून यंत्राच्या खांद्यावर ठेविले आहे.

यंत्र हे काम कसे करते? त्याच्या मुख्य रीती दोन. पहिलीत भिंगाच्या दोन कडांतून आलेल्या किरणांच्या दोन प्रतिमा ताडून पाहतात. त्या एकमेकींपासून किती व कोणत्या दिशेस सरकल्या आहेत, त्यावरून भिंग कोणीकडे व किती हलवावे हे यंत्रास एकदम कळते. दुसरीत भिंग थोडे थोडे हलवीत चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा भेद कोठे सर्वांत तीव्र होतो ते शोधतात. शिखर ओलांडल्याखेरीज ते शिखर होते हे कळत नाही, म्हणून भिंग पुढे जाऊन पुन्हा मागे येते. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा क्षणभर घुटमळतो व चित्र स्पष्ट-अस्पष्ट होत राहते, ते पुष्कळदा ह्याच कारणाने. दोन्ही रीतींस एक गोष्ट मात्र अवश्य लागते. समोरच्या पदार्थावर काही रेघ, काही कड, काही नक्षी असली पाहिजे. कोरी भिंत, एकरंगी वस्त्र, दाट धुके किंवा गडद अंधार समोर असेल, तर चांगल्यातला चांगला कॅमेराही चाचपडू लागतो.

एवढे समजल्यावर कोणता पक्ष कोठे खरा ठरतो, हे सांगणे कठीण नाही. अंगणात धावणारे मूल, भिगवणच्या जलाशयावर पाण्यावरून उठणारे रोहित पक्षी, मैदानावरील खेळ, ह्यांच्या बाबतीत हाताचा पक्ष हरलाच आहे, आणि त्याने ते मोकळ्या मनाने मान्य करावे. नव्या कॅमेऱ्यांस चेहरा ओळखता येतो, चेहऱ्यातील डोळा ओळखता येतो, आणि मूल धावत असता त्या डोळ्याचा पाठलागही करता येतो. कितीही सरावलेले बोट ह्या बाबतीत त्याची बरोबरी करू शकत नाही. ‘आम्ही हाताने काढले’ एवढ्यानेच धूसर चित्रास मोल येत नाही. श्रमाचे प्रमाणपत्र चित्राच्या पाठीवर चिकटवून कोणी चित्र पाहत नसते.

उलट काही प्रसंग असे आहेत की तेथे यंत्रास बाजूस बसवावे लागते. खिडकीच्या गजांतून किंवा जाळीतून पलीकडचे काही टिपावयाचे असेल तर यंत्र गजांवरच अडते. रात्रीच्या आकाशातील तारे टिपावयाचे असतील तर बहुतेक कॅमेऱ्यांस त्या अंधारात धरावयास काही सापडत नाही. तेव्हा एक ठळक तारा पडद्यावर मोठा करून पाहावा व हाताने फोकस लावावा. देवघरात केवळ समईचा उजेड असता हीच अडचण येते. आणि लग्नमुहूर्ताची गोष्ट तर सर्वांच्या अनुभवाची. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, आणि त्या एका पळात कॅमेरा वधूवरांचे चेहरे सोडून मध्ये आलेल्या अक्षतांच्या दाण्यांवर नाही तर कोणाच्या उंचावलेल्या हातावर जाऊन बसतो. जाणता छायाचित्रकार अंतरपाट धरलेला असतानाच वधूवरांच्या जागेवर फोकस लावून घेतो व ऑटोफोकस बंद करून ठेवितो. मग मध्ये काहीही येवो, भिंग जागचे हलत नाही.

ह्याच जातीचे एक उदाहरण आपल्या चित्रपटसृष्टीच्या आरंभीचे आहे. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. ठराविक काळाने एकेक चित्र घ्यावयाचे व ती सर्व सलग दाखवावयाची, अशी ती रीत होती. तेव्हा फोकस हाताने लावण्यावाचून उपायच नव्हता. परंतु आज हाती उत्तम ऑटोफोकस असूनही अशा प्रकारचे चित्रण करणारे लोक फोकस एकदा हाताने लावून तसाच बांधून ठेवितात. कारण यंत्रास मोकळे सोडले तर ते प्रत्येक चित्रागणिक नव्याने विचार करील. एकदा पानावर, एकदा देठावर, एकदा मागच्या भिंतीवर जाऊन बसेल, आणि सलग पाहताना सारे चित्र थरथरेल. चित्रपटांच्या चित्रीकरणातही पुष्कळ ठिकाणी फोकस सांभाळावयास स्वतंत्र मनुष्य असतो. नटाने कोठून कोठे जावयाचे ती अंतरे तो फितीने मोजतो आणि नट चालू लागला की त्याप्रमाणे कडे फिरवितो. दोघे बोलत असताना नजर एकावरून दुसऱ्यावर केव्हा न्यावयाची, हे अंतर मोजून ठरत नाही. कथेचा रोख कोणाकडे आहे त्यावरून ते ठरते.

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. फोकस लावणे ह्या एका क्रियेत वस्तुतः दोन क्रिया आहेत. एक, कोणता पदार्थ स्पष्ट यावा हे ठरविणे. दुसरी, त्या पदार्थापर्यंतचे अंतर साधून भिंग नेमके तेथे आणणे. दुसरी क्रिया मापनाची आहे, आणि मापनात यंत्र मनुष्याहून सरस आहे. पहिली क्रिया विवेकाची आहे. हाताने कडे फिरवावे लागे तेव्हा ह्या दोन्ही क्रिया एकत्रच होत. बोट फिरवावयाचे म्हणजे कोठे थांबावयाचे हे आधी मनाशी ठरवावेच लागे. ऑटोफोकस आल्यावर दुसरी क्रिया यंत्राकडे गेली, आणि तिच्याबरोबर पहिलीही आम्ही नकळत त्याच्या हवाली केली. भांडण व्हावयाचेच तर ते ह्या हवाली करण्याबद्दल झाले पाहिजे. कडे कोणी फिरविले, हा प्रश्न गौण आहे.

आपल्या नैयायिकांनी मन हे अणुपरिमाण मानिले आहे. डोळा उघडा असला, पदार्थ समोर असला, तरी मनाचा त्या इंद्रियाशी संयोग झाल्यावाचून ज्ञान होत नाही. आणि मन अणु असल्यामुळे एका क्षणी ते एकाच ठिकाणी जोडले जाते. पंगतीत वाढताना शेजारून कोण गेले हे आपणांस दिसत नाही, ते ह्याच कारणाने. आपल्या डोळ्यातही एक ऑटोफोकस आहेच. आतील स्नायू नेत्रभिंगाची फुगवट कमी-अधिक करतात आणि जवळचे किंवा दूरचे स्पष्ट दिसते. चाळिशी लागते ती हे भिंग वयोमानाने कठीण झाल्यामुळे. परंतु त्या स्नायूंना कोणाकडे पाहावयाचे हे मन सांगते. कॅमेऱ्यास डोळा दिला, स्नायू दिले. मन दिलेले नाही. त्याच्या मनाच्या जागी काही नियम घातलेले असतात. सामान्यतः ते असे : चौकटीत जे सर्वांत जवळ असेल ते धरावे, चेहरे अनेक असतील तर मोठा दिसणारा किंवा मधला धरावा. नियम वाईट नाहीत. परक्या माणसाने अनोळखी घरात येऊन ह्याहून अधिक काय करावे?

परंतु घर अनोळखी नसते. एकत्र कुटुंबाचे छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. पुढे सतरंजीवर मुले, मध्ये खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, मागे उभ्या सुना, मुलगे, आणि अगदी कडेस, बहुधा अर्धी झाकलेली, जिने साऱ्या घराची उस्तवार केली अशी एखादी आत्या किंवा काकू. कॅमेरा जवळचा चेहरा धरतो, आणि तो चेहरा पुढे बसून जीभ काढणाऱ्या मुलाचा असतो. मोठे छिद्र ठेवले असेल तर मागची रांग विरघळून जाते. त्या दिवशी हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर सर्वच चित्रे स्पष्ट भासतात. पुढे कधी, त्या काकू गेल्यावर, भिंतीवर लावावयास त्यांचे एखादे चित्र शोधू लागावे, तो प्रत्येक चित्रात त्या आहेत आणि एकाही चित्रात स्पष्ट नाहीत, असे आढळते. यंत्रास जवळचा चेहरा कळतो, जवळचे माणूस कळत नाही. ते त्यास सांगावे लागते, आणि सांगण्याचे काम कॅमेरा हाती धरणाराचे आहे. त्या मुलाचे चित्र उद्याही काढता येईल. ऐंशीच्या पुढील माणसाच्या बाबतीत ‘पुढल्या वेळी’ हा शब्द जपून वापरावा.

हे टाळणे अवघड नाही. थोडासा हिशेब पुरे. ५० मिलिमीटरचे भिंग व ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला कॅमेरा धरून चालू. छिद्र एफ १.८ एवढे उघडे ठेवून साडेतीन मीटरवरील पहिल्या रांगेवर फोकस लावला तर स्पष्टतेचा पट्टा सारा मिळून सुमारे अर्ध्या मीटरचा असतो. तिसरी रांग त्याच्या बाहेरच राहावयाची. तेच छिद्र एफ ८ करून चार मीटरवर, म्हणजे पहिल्या व दुसऱ्या रांगेच्या दरम्यान, फोकस लावला तर सुमारे २.९ मीटरपासून ६.४ मीटरपर्यंतचे सर्व काही स्पष्ट येते आणि तीनही रांगा त्यात सुखाने मावतात. २८ मिलिमीटरच्या रुंद भिंगास तर एफ ८ वर ३.३ मीटरला फोकस लावून ठेविला की सुमारे १.६५ मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सगळे साधते; मग दिवसभर फोकसकडे पाहण्याचे कारण नाही. मात्र छिद्र लहान केले की प्रकाश कमी पडतो, म्हणून समूहाचे चित्र उजेडात घ्यावे, किंवा कॅमेरा तिपाईवर ठेवून मंडळींस क्षणभर स्वस्थ बसावयास सांगावे.

एकट्या आजीचे किंवा आजोबांचे चित्र घ्यावयाचे असेल तर ह्याच्या उलट करावे. दोन मीटरवर एफ १.८ ठेविले असता स्पष्टतेचा पट्टा केवळ १७ सेंटिमीटरच्या आसपास असतो, आणि मागचे दोरीवरचे कपडे व दारामागचे कॅलेंडर आपोआप विरून जाते. येथे ऑटोफोकस अवश्य वापरावा. परंतु तो सर्व चौकटभर हिंडू न देता एकच बिंदू निवडावा आणि तो कॅमेऱ्याकडील डोळ्यावर ठेवावा. आजींनी चष्मा लावलेला असेल तर यंत्र कधी कधी चष्म्याच्या काडीवर बसते. म्हणून चित्र काढल्यावर लगेच ते पडद्यावर मोठे करून डोळा पाहावा. मोबाइलवरही ज्या चेहऱ्यावर बोट टेकावे तो चेहरा तो धरतो. त्याचे भिंग इवलेसे असल्यामुळे स्पष्टतेचा पट्टा मुळातच मोठा असतो. त्यातील ‘पोर्ट्रेट’ चित्रांची धूसर पार्श्वभूमी पुष्कळशी गणिताने मागाहून रंगविलेली असते, आणि कधी केसांच्या बटा, कधी कानातील कुडीही त्या रंगकामात गडप होते. महत्त्वाचे चित्र असेल तर एक साधे चित्रही घेऊन ठेवावे.

घरात जुनी, हाताने फिरवावयाची भिंगे असतील तर ती भंगारात घालू नयेत. योग्य जोडणी मिळाल्यास त्यांतील बरीच आजच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर बसतात, आणि त्या कॅमेऱ्यांत चित्राचा भाग मोठा करून पाहण्याची व स्पष्ट कडा रंगाने उठून दाखविण्याची सोय बहुधा असते. साठी उलटलेल्या आमच्यासारख्यांस ही सोय म्हणजे दुसरा चष्माच होय. ह्याशिवाय व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीक चकती असते. ती आपल्या डोळ्यांच्या नंबराप्रमाणे फिरवावी, आणि फिरविताना समोरच्या दृश्याकडे न पाहता आतील अक्षरांकडे पाहावे. ती चकती चुकीच्या जागी असता हाताने लावलेल्या फोकसास नावे ठेवणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून छापणाऱ्यास दोष देणे होय.

असो. घरातील दोन्ही पक्षांस आमचे सांगणे एवढेच की, हातात गणकयंत्र असले तरी आपण मुलांकडून पाढे म्हणवून घेतो, ते गुणाकार करावयास दुसरा उपाय नाही म्हणून नव्हे. उत्तर भलतेच आले तर ते भलते आहे एवढे तरी त्यांस ओळखता यावे म्हणून. नव्या कॅमेऱ्याचेही तसेच करावे. तो घरी आला की मुलांस एक दुपार ऑटोफोकस बंद करून द्यावा. ओट्यापासून दारापर्यंत किती मीटर, दारापासून तुळशीवृंदावनापर्यंत किती, हे त्यांनी अदमासाने सांगावे, फितीने मोजून पाहावे, आणि कडे फिरवून घरातील प्रत्येक माणसाचे एकेक चित्र काढावे. चार-सहा चित्रे बिघडतील, बिघडू द्यावी. दुसऱ्या दिवशी ऑटोफोकस खुशाल सुरू करावा. मात्र कळ दाबण्यापूर्वी, ह्या चित्रात कोण स्पष्ट यावयास पाहिजे, हे ज्याने त्याने आधी मनाशी ठरवावे. आणि येत्या सणावारी सारी मंडळी जमतील तेव्हा मागच्या रांगेत कडेस उभे राहणाऱ्या माणसास एकदा तरी खुर्चीवर पुढे बसवून, त्याच्या डोळ्यांवर फोकस लावून, एक चित्र निराळे काढून ठेवावे.